टाळूच्या खिडकीतून

बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी घरातली आजी दोन बोटे कोमट तेलात बुडवते. बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला, मधोमध, जिथे बोटाला हाड लागत नाही आणि कातडीखाली काहीतरी हलके हलके उडताना दिसते, तिथे ती तेल जिरवते. आपण त्याला टाळू भरणे म्हणतो. तुमच्या घरात हे झाले, माझ्या घरात झाले, तुमच्या-माझ्या आज्यांच्या घरांतही झाले.

ही टाळू उघडी का असते, असा प्रश्न मात्र आपल्याला फारसा पडत नाही. मेंदू वाढायचा असतो म्हणून ती उघडी असते. कवटीची हाडे एकमेकांना घट्ट जुळली असती, तर आतल्या मेंदूला वाढायला जागाच उरली नसती. साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ही पुढची टाळू भरून येते. तोवर ती एका खिडकीसारखी असते, आणि आजचे डॉक्टर त्याच खिडकीतून आत पाहतात.

आता तुम्ही म्हणाल, भाताच्या बियाण्याबद्दल आणि केळीच्या खताबद्दल लिहिणाऱ्या कृषी विस्तार अधिकाऱ्याला बाळाच्या टाळूशी काय कर्तव्य? तुमचे म्हणणे खरे आहे, मी डॉक्टर नव्हे. पण एका चुकीची किंमत माझ्या घराने मोजली आहे. तीच चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून लेखणी हाती घेतली.

माझ्या घरातली गोष्ट

२०१८ च्या मे महिन्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी वसईला माहेरी आली होती. दिवस भरायला आठ आठवडे बाकी असतानाच तिला कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. वजन दीड किलोच्या आत-बाहेर. चार आठवडे तो रुग्णालयात होता. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या टाळूवर सोनोग्राफीचे यंत्र ठेवून मेंदू तपासला आणि 'आता तरी सर्व ठीक दिसते' असे सांगितले. घरी सोडताना कागदावर लिहून दिले, की मूळ तारखेच्या सुमारास, म्हणजे जुलैत, सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी.

त्या 'आता तरी' या दोन शब्दांकडे आमचे लक्षच गेले नाही. पहिली तपासणी चांगली निघाली, बाळ दूध पिऊ लागले, अंगावर मांस धरू लागले. जुलै उजाडला. भाताची लावणी चालू होती, माझे दौरे होते. त्याच महिन्यात पावसाने वसई-विरार पाण्याखाली घातले, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आले आणि गाड्या बंद पडल्या. पाणी ओसरल्यावर जाता आले असते. पण सौ. म्हणाल्या, "एवढासा जीव, कशाला उगाच गर्दीत न्यायचा?" मीही हो म्हणालो. खताचा दुसरा हप्ता चुकवणाऱ्या शेतकऱ्याला बांधावर उभे राहून बोलणारा मी, घरच्या बाळाची दुसरी तपासणी चुकवून मोकळा झालो.

ऑक्टोबरात आशाताई लसीची आठवण करायला आली. लेक बाळाचा लंगोट बदलत होती. आशाताई पाहत राहिली आणि म्हणाली, "ताई, याचे पाय असे ताठ का होतात? मांड्या उघडायला जोर लावावा लागतो का?" लागत होता. आम्हाला वाटे, पोराच्या पायांत भारी ताकद आहे!

दुसऱ्या दिवशी बाळाला रुग्णालयात नेले. पुढे मुंबईला एमआरआय झाला. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांच्या लगतच्या पांढऱ्या भागाला इजा झालेली होती. पायांकडे हुकूम नेणाऱ्या तारा नेमक्या तिथूनच जातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही इजा आढळते, आणि ती पहिल्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. काही आठवडे उलटल्यावर तिच्या खुणा उमटतात. म्हणून तर दुसरी तारीख दिलेली होती.

मी डॉक्टरांना सरळ विचारले, "आम्ही जुलैत आलो असतो तर?" ते म्हणाले, "झालेली इजा पुसता आली नसती. पण व्यायाम तीन महिने आधी सुरू झाले असते, आणि या वयातले तीन महिने थोडे नव्हेत."

तीन महिने म्हणजे किती?

डॉक्टर असे का म्हणाले, ते मला पुढे वाचताना कळले. २०१४ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ८७ निरोगी बाळांच्या मेंदूची एमआरआय चित्रे जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा घेऊन मोजमाप प्रसिद्ध केले. जन्मल्याबरोबर मेंदू रोज सरासरी एक टक्क्याने वाढतो, असे त्यांना आढळले. तीन महिन्यांच्या अखेरीस हा वेग रोज ०.४ टक्क्यावर येतो. ९० दिवसांत मेंदूचे आकारमान ६४ टक्क्यांनी वाढते. डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला जो लहान मेंदू असतो आणि जो हालचालींचा तोल सांभाळतो, तो तर दुपटीहून मोठा होतो.

शेतीत आपण म्हणतो, की रोपवाटिकेतले दिवस पुढच्या सगळ्या हंगामाचे दिवस असतात. बाळाचेही तसेच आहे. मेंदू वाढत असतो तोवर तो वळतो. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधतो. पुढे ही लवचिकता कमी होत जाते.

चित्रावरून मोजमाप कसे होते?

टाळूवर ठेवायचे सोनोग्राफीचे यंत्र गरोदरपणी पोटावर ठेवतात त्याच जातीचे असते. त्यात क्ष-किरण नसतात, सुई नसते आणि बाळाला काही दुखत नाही. आत रक्तस्राव झाला आहे का, पाणी साचले आहे का, हे त्यात कळते. टाळू भरून आली की ही खिडकी बंद होते.

एमआरआय हे मोठ्या चुंबकाचे यंत्र आहे. त्यातही क्ष-किरण नसतात. आवाज मात्र बराच होतो, म्हणून बाळाचे कान झाकतात. तान्ह्या बाळाला पोटभर दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवले, की पुष्कळदा झोपेच्या औषधावाचूनही चित्र निघते.

दुधीच्या पातळ चकत्या कराव्यात तशी मेंदूची चित्रे यंत्र कागदावर उतरवते. मग संगणक प्रत्येक चकतीवर खुणा करतो, की हा करडा भाग, हा पांढरा, हे पाणी. सगळ्या चकत्यांची बेरीज केली की प्रत्येक भागाचे घनफळ मिळते. आपल्याकडे मोजणीदार शेताच्या हद्दी आखून क्षेत्र काढतो, तसाच हा प्रकार समजा. फरक एवढाच, की हे शेत रोज वाढत असते.

यात एक मोठी अडचण आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूचा नकाशा तान्ह्या बाळाला लागू पडत नाही. मोठ्यांच्या चित्रात जो भाग उजळ दिसतो तो नवजात बाळाच्या चित्रात गडद दिसतो, आणि सहा महिन्यांच्या सुमारास तर करडा व पांढरा भाग जवळजवळ एकाच रंगाचे होतात. मेंदूतील तारांवर स्निग्ध आवरण चढत असते, त्याचा हा परिणाम. म्हणून शास्त्रज्ञांना बाळांसाठी आठवड्या-आठवड्याचे वेगळे नमुने तयार करावे लागले. त्यावरून ते वाढीची वाट आखतात. अमुक आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचा हा भाग साधारण एवढा असावा, एवढ्याहून फार कमी नसावा आणि एवढ्याहून फार जास्त नसावा, असे ती वाट सांगते.

अंगणवाडीत वजनाचा तक्ता तुम्ही पाहिलाच आहे. त्यावर रंगीत पट्टे असतात. एका महिन्याचे वजन पाहून ताईला फारसे कळत नाही. चार महिन्यांचे ठिपके जोडून रेघ वर चालली आहे की आडवी झाली आहे, हे ती पाहते. मेंदूचा हा नवा तक्ता त्याच जातीचा आहे. २०२२ मध्ये निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी १,०१,४५७ माणसांची १,२३,९८४ चित्रे एकत्र करून, गर्भापासून शंभर वर्षांपर्यंत मेंदू कसा वाढतो आणि उतरतो याचे तक्ते प्रसिद्ध केले.

अशा रेघांवरून काय कळू शकते, याचे एक उदाहरण देतो. ज्या घरातल्या पहिल्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, त्या घरात पाठच्या भावंडालाही तो होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. अमेरिकेतील एका अभ्यासात अशा भावंडांच्या मेंदूची चित्रे सहाव्या व बाराव्या महिन्यात घेतली. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या बाळांना दोन वर्षांच्या वयात स्वमग्नतेचे निदान झाले, त्यांच्यापैकी दहांतली जवळजवळ नऊ संगणकाने या आधीच्या चित्रांवरून ओळखली होती. सहाव्या ते बाराव्या महिन्यात त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग नेहमीपेक्षा वेगाने पसरला होता. तेव्हा वाढ मंद असणे हीच एक खूण नव्हे. फाजील वेगही काही सांगत असतो.

आपल्या मातीतला धडा

एवढे वाचून बाळाला उचलून एमआरआय काढायला धावू नका. ही तक्त्यांची पद्धत अजून बहुतांशी संशोधनात आहे. रोजच्या दवाखान्यात ती आलेली नाही. आणि दहांतली जवळजवळ नऊ ओळखली म्हणजे काही निसटली, हेही लक्षात ठेवावे. शिवाय त्या २०२२ च्या तक्त्यांतील बहुतेक चित्रे युरोप-अमेरिकेतील माणसांची आहेत.

पंजाबात उतरलेले वाण कोकणात तसेच उतरेल असे नाही, म्हणून आपण आधी प्रात्यक्षिक प्लॉट घेतो. बाळांच्या बाबतीत असा धडा मुंबईच्या शीव रुग्णालयातही मिळाला आहे. जन्मताना श्वास कोंडून मेंदूला इजा झालेल्या बाळांचे शरीर तीन दिवस ३३.५ अंशांपर्यंत थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत गुणकारी ठरला होता. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत, ज्यांत शीवचे हे रुग्णालय होते, ४०८ बाळांवर त्याची रीतसर पारख झाली. २०२१ मध्ये निकाल आला. थंड ठेवलेल्या बाळांपैकी शेकडा ४२ दगावली, न ठेवलेल्यांपैकी शेकडा ३१. परदेशी उपचार इथे तारक ठरला नाही. ही पारख झाली नसती, तर तो उपचार आपल्याकडे चांगला म्हणूनच चालू राहिला असता. आपल्या बाळांचे तक्ते आपल्याच बाळांवरून व्हायला हवेत ते याचसाठी. चेन्नईच्या आयआयटीने २०२४ मध्ये गर्भातील बाळाच्या मेंदूचा अतिशय बारकाईचा नकाशा 'धरणी' या नावाने जगापुढे ठेवला, हे त्या दिशेचे पाऊल आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने तर यंत्रांचा एवढा सुकाळ नसतानाच मोठे काम केले. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांवर त्यांनी अठराव्या वर्षापर्यंत नजर ठेवली. या मुलांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेतच भरली, पण पूर्ण वजनाच्या सोबत्यांपेक्षा काहीशी कमी. जी बाळे दिवसांनीही अपुरी आणि वजनानेही खुरटी होती, ती सर्वांत मागे राहिली. हे कळले ते एका दिवसाच्या तपासणीने नव्हे. आईबाप मुलांना वर्षानुवर्षे परत आणत राहिले म्हणून कळले.

तुमच्या हातात काय आहे?

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी. भुवयांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून ती फिरवायची. पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके जन्मताना सुमारे ३४ सेंटिमीटर असते. पहिले तीन महिने ते दरमहा सुमारे दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने एक सेंटिमीटर आणि नंतरचे सहा महिने अर्धा सेंटिमीटर वाढते. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला ते ४५-४६ च्या आसपास येते. लसीला जाल तेव्हा नर्सताईंना किंवा डॉक्टरांना डोक्याचा घेर मोजायला सांगा आणि आकडा माता-बाल कार्डावर तारखेसह लिहून घ्या. वाढ थांबली तरी दाखवा आणि घेर झपाट्याने वाढू लागला तरी दाखवा.

दुसरे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मूळ तारखेपासून धरावे. आठ आठवडे आधी जन्मलेले बाळ पाच महिन्यांचे झाले, तर वाढीच्या हिशेबाने ते तीन महिन्यांचे. यामुळे उगाच भीतीही वाटत नाही आणि 'आधी जन्मलाय, उशिरा करेल' म्हणून वर्ष वर्ष थांबणेही होत नाही.

या हिशेबाने खालील गोष्टी दिसल्या तर शेजारणीला विचारत बसू नका, डॉक्टरांना विचारा:

दोन महिने उलटूनही बाळ आपल्याकडे पाहून हसत नाही.
तीन महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्याच राहतात.
चार महिने झाले तरी मान धरत नाही.
नऊ महिन्यांत आधारावाचून बसत नाही.
आवाजाकडे वळत नाही, हलत्या वस्तूमागे नजर फिरवत नाही.
अंग फार ताठ किंवा फार लुळे वाटते.

झटके येणे, टाळू फुगून ताठ होणे, दूध सोडणे किंवा तळपायापर्यंत पिवळेपणा उतरणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वाढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करते. कोवळ्या उन्हात ठेवून ती बरी होईल या भरवशावर राहू नये.

तिसरे, सरकारी सोय वापरा. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला ओटीवरून परत पाठवू नका, आत बोलवा, बाळ उघडून दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि जन्मजात व्यंगापासून विकासातील विलंबापर्यंत तपासणी करते. पुढच्या उपचारासाठी ते मुलाला 'डीईआयसी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा केंद्राकडे पाठवते. या कार्यक्रमाचा देशभरासाठी आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरात झाला. जिथे तो जन्मला तिथल्या बाळांनी त्यापासून वंचित राहू नये.

राहिली टाळू. तेलाने मेंदूचे पोषण होत नाही, आजीबाईंनी रागावू नये. हलक्या हाताने लावले तर बिघडतही नाही. मात्र टाळू दाबू नये, डोके गोल व्हावे म्हणून चोळू नये, आणि नाका-कानांत तेल घालू नये. मेंदूचे खरे पोषण आईच्या दुधात आहे, बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरण्यात आहे, त्याच्याशी बोलण्यात आहे.

पुन्हा माझ्या नातवाकडे

लेकीने व्यायाम शिकून घेतले. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षे. जावयांनी नोकरीच्या पाळ्या बदलून घेतल्या. सौ.नी मालिशीची जुनी पद्धत बाजूला ठेवून नवी शिकली. मी मोजपट्टी विकत आणली आणि वही घातली. पिकाच्या निरीक्षणासाठी घालतो तशीच: तारीख, डोक्याचा घेर, आज नवीन काय केले.

तो आता शाळेत जातो. पायांत पट्ट्याचे बूट घालावे लागतात आणि धावताना टाचा उचलतात. बुद्धी तल्लख आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्याबरोबर वाडीत आला. केळीच्या नव्या रोपांपाशी उभा राहून म्हणाला, "आजोबा, यांची पण वही आहे का?"

आहे, म्हणालो. त्याने लगेच एक रोप निवडून माझ्याकडून पट्टी मागून घेतली.

तुमच्या घरात सध्या पाळणा हलत असेल, तर रुग्णालयाने दिलेला कागद आज काढून पाहा. त्यावर पुढची तारीख लिहिलेली असेल. पाऊस असो, लावणी असो, लग्नसराई असो, त्या तारखेला बाळाला घेऊन जा.